सेरिसीचा तांबूस भुंगेरा : उपप्रजाती कशाला म्हणावे?



1976 साली फ्रान्स सरकारने नॉर्मंडीतले सेरिसीचे सरकारी जंगल निसर्ग-राखीव म्हणून जाहीर केले. सँ-लो आणि बायो या दोन गावांच्या मध्ये, काल्व्हादोस आणि मांश या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर हे जंगल पसरले आहे. क्षेत्रफळ सुमारे 2,100 हेक्टर, झाडे मुख्यतः बीचची. अकराव्या शतकात इथे मोठा मठ उभा राहिला, तेव्हापासून या जंगलाचा इतिहास कागदोपत्री सापडतो. एवढे मोठे क्षेत्र राखायचे तर एखादे रुबाबदार श्वापद त्यामागे असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात हा खटाटोप झाला तो दोन-अडीच सेंटिमीटर लांबीच्या, न उडणाऱ्या, रात्री पालापाचोळ्यात गोगलगायी आणि गांडुळे शोधत हिंडणाऱ्या एका भुंगेऱ्यासाठी. बरे, त्याची प्रजातीही दुर्मीळ म्हणावी अशी नाही. फ्रान्सपासून कार्पेथियन पर्वतापर्यंत ती भेटते. सेरिसीत आहे ते तिचे एक निराळे रूप : नेहमीच्या सोनेरी हिरव्याऐवजी तांबूस आणि काळपट. त्याला उपप्रजातीचे तीन पदांचे नाव मिळालेले होते, काराबस ऑरोनिटेन्स कुप्रिओनिटेन्स. आज मला एवढेच तपासायचे आहे की हे तिसरे पद त्याला शोभते का, आणि शोभत नसेल तर ते जंगल राखण्यात चूक झाली का. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची तासभराची चर्चा तुम्हाला तपासून घेता येईल : नाव डळमळीत आहे, राखीव मात्र योग्यच आहे, आणि या दोन गोष्टींची गाठ मारली गेली हेच खरे दुखणे आहे.

आधी भुंगेरा नीट पाहू. काराबस ऑरोनिटेन्सचे वर्णन फाब्रिशियसने 1792 साली केले. फाब्रिशियस हा लिनियसचा शिष्य, आणि काराबस हा जीनस खुद्द लिनियसने 1758 साली नोंदवलेला. पाठीवर दोन कडक पंखकवचे, रंग झळझळीत हिरवा. डोक्यामागचा, म्हणजे छातीच्या वरचा भाग बऱ्याचदा सोनेरी-तांबडा. प्रत्येक पंखकवचावर लांबीच्या दिशेने तीन उठावदार कण्या असतात आणि त्या काळ्या असतात. हिरव्या पाठीवरच्या या सहा काळ्या रेघा हीच त्याची ओळख, कारण शेताभातांत आढळणारा त्याचा भाऊबंद काराबस ऑराटस याच्या कण्या पाठीच्याच रंगाच्या असतात. पाय लालसर, मिशांचा पहिला सांधाही लाल. कवचाखालचे उडण्याचे पंख खुरटलेले, त्यामुळे याला आयुष्यभर चालूनच सगळीकडे जावे लागते. भक्ष्य तोंडात घेऊन चावण्याऐवजी तो त्यावर पाचकरस सोडतो आणि बाहेरच पातळ झालेला रस ओढून घेतो. हिवाळा काढतो तो कुजक्या बुंध्यात, ओल्या सालीखाली, शेवाळाच्या गादीत. ही शेवटची सवय लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडणार आहे.

आता त्याच्या प्रदेशाबद्दल. न उडणाऱ्या जंगली कीटकाचा नकाशा म्हणजे एका अर्थी जंगलाच्या इतिहासाचा नकाशा असतो. शेवटच्या हिमयुगात नॉर्मंडीत झाडोरा जवळजवळ नव्हता, जमीन गोठलेली आणि माळरानासारखी उघडी होती. हवामान निवळल्यावर गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून झाडे आली आणि त्यांच्या सावलीतून हा भुंगेराही पायी पायी आला. म्हणजे सेरिसीतला समुदाय त्या जागी असून असून किती जुना असणार? भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी कालचा. त्यानंतर माणसाने जंगले तोडली, कुरणे आणि झुडपी कुंपणांची शेते आली, आणि सेरिसीसारखे तुकडे बेटांसारखे मागे उरले. अशा तुकड्यात अडकलेल्या लहान समुदायात एखादे रूप निव्वळ योगायोगानेही वाढू शकते. आईबापांच्या पिढीतले थोडेच जीव पुढे टिकले आणि त्यांच्यात काळपट जास्त असले, की पुढच्या पिढ्या काळवंडतात. त्यासाठी लाखो वर्षे लागत नाहीत. याचा अर्थ सेरिसीचे रूप क्षुल्लक आहे असा मुळीच नव्हे. ते वेगळे आहे एवढ्यावरून ते प्राचीन आहे असे मात्र सिद्ध होत नाही, आणि उपप्रजातीचे नाव ऐकणारा सामान्य माणूस नेमके तेच गृहीत धरतो.

नावाचा इतिहास जरा गुंतागुंतीचा आहे, आणि रंजकही. एकोणिसाव्या शतकात शेव्रोला या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने या तांबूस रूपाला नाव दिले. त्या काळी संग्राहक रंगाच्या प्रत्येक छटेला लॅटिन नाव देत सुटले होते. काराबस हा तर त्यांचा लाडका जीनस : मोठा, चकचकीत, आणि मेल्यावर शंभर वर्षे पेटीत ठेवला तरी रंग न विटणारा. पुढे प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने एक व्यवहारी नियम केला. 1961 पूर्वी कुणी 'व्हरायटी' किंवा 'फॉर्म' म्हणून नाव दिले असेल, आणि लेखकाने ते उपप्रजातीच्या खालचे असल्याचे स्पष्ट सुचवले नसेल, तर ते नाव उपप्रजातीच्या दर्जाचे धरायचे. 1960 नंतर अशा शब्दांनी दिलेली नावे मात्र खालच्या दर्जाची, त्यांना संहिता विचारत नाही. म्हणजे आपल्याला आज कॅटलॉगांत दिसणाऱ्या कितीतरी उपप्रजाती जीवशास्त्राने ठरवलेल्या नसून तारखेने ठरलेल्या आहेत. आजोबांच्या काळात नाव पडले म्हणून ते वापरण्यास उपलब्ध, इतकेच. नाव उपलब्ध असणे आणि ते नाव धारण करणारी वस्तू निसर्गात वेगळी असणे, यांत मोठे अंतर आहे. कॅटलॉग चाळणाऱ्याला ते अंतर दिसत नाही, कारण दोन्ही नावे सारख्याच तिरप्या टायपात छापलेली असतात.

या नावांच्या कारखान्यातला एक कारागीर इथे मुद्दाम सांगण्याजोगा आहे. जॉर्ज व्हाशे द लापूज. 1899 साली त्याने आर्यांवर एक ग्रंथ काढला, माणसांच्या कवटीची लांबी-रुंदी मोजून युरोपातल्या लोकांच्या उच्च-नीच जाती लावल्या, आणि सुप्रजननाचा डंका पिटला. पुढे वंशवाद्यांनी त्याचा भरपूर उपयोग केला. हाच गृहस्थ काराबसचा मोठा अभ्यासक होता. ऑरोनिटेन्सची पूर्व आल्प्समधली क्राउसी ही उपप्रजाती त्याच्याच नावावर आहे, आणि 'जेनेरा इन्सेक्टोरम' या विश्वविख्यात मालेतला काराबसवर्गाचा भागही त्यानेच लिहिला. यावर कुणी म्हणेल, माणसाच्या राजकारणावरून त्याचे भुंगेरे मोडीत काढणे हा कसला युक्तिवाद? बरोबर आहे, तसा युक्तिवाद मी करत नाही. त्याने वर्णिलेली कित्येक रूपे आजही मान्य आहेत आणि त्यांची निरीक्षणे पक्की आहेत. माझा मुद्दा पद्धतीचा आहे. एक 'नमुनेदार' प्राणी उचलायचा, त्याच्यासारखे दिसतात ते आत आणि न दिसतात ते भेसळ, अशी विचाराची रीत कवट्यांबाबत घातक ठरली आणि भुंगेऱ्यांबाबत ती निरुपद्रवी असली तरी तितकीच चुकीची आहे. समुदाय म्हणजे एक नमुना आणि त्याच्या चुका, असे नसते. समुदाय म्हणजे प्रमाणे असतात : इतके हिरवे, इतके तांबडे, इतके काळे.

मग उपप्रजाती म्हणायचे तरी कशाला? विसाव्या शतकाच्या मध्यात याचा बराच खल झाला. एर्न्स्ट मायर आणि त्यांच्या परंपरेतल्या पक्षितज्ज्ञांनी व्याख्या दिली ती अशी : एकाच प्रजातीचे, ठरावीक भूभागात राहणारे आणि इतर भागांतल्या समुदायांहून ओळखू येण्याजोगे वेगळे असे समुदाय. ओळखू येण्याजोगे म्हणजे किती, यासाठी 75 टक्क्यांचा नियम पुढे आला. एका समुदायातले किमान 75 टक्के प्राणी दुसऱ्या समुदायातल्या जवळजवळ सगळ्यांपासून वेगळे सांगता आले पाहिजेत. 1953 साली ई. ओ. विल्सन आणि विल्यम ब्राउन या दोन मुंगीतज्ज्ञांनी या साऱ्या इमारतीवरच हल्ला चढवला. त्यांचे मुख्य आक्षेप आजही टाळता येत नाहीत. एक, निरनिराळी लक्षणे निरनिराळ्या दिशांनी बदलतात. रंगावरून काढलेली सीमा आकारावरून काढलेल्या सीमेशी जुळत नाही, मग खरी कोणती? दोन, बरीचशी लक्षणे अंतराबरोबर हळूहळू बदलतात, तिथे रेघ कुठेही ओढा, ती तुमचीच असते. तीन, तेच रूप दूरदूरच्या जागी स्वतंत्रपणे उपजते. चौथा आक्षेप सर्वांत जिव्हारी लागणारा : खालची मर्यादाच नाही, पुरेसे बारकाईने पाहिले तर प्रत्येक टेकडीची उपप्रजाती करता येईल. तीन पदांची नावे सोडून द्या आणि समुदायाला सरळ गावाच्या नावाने ओळखा, असा त्यांचा सल्ला होता.

मला हा सल्ला पूर्ण मान्य नाही, कारण काही ठिकाणी तिसरे पद खरोखर काम करते. पण त्यांच्या आक्षेपांतून एक कसोटी निघते. उपप्रजाती हे भूगोलाबद्दलचे विधान आहे. एक समुदाय एका जागी वेगळा पडला, वेगळा वाढला, आणि त्या वेगळेपणाच्या खुणा परस्परांवर अवलंबून नसलेल्या दोन-तीन लक्षणांत एकाच सीमेवर उमटल्या, असे ते विधान आहे. एकाच लक्षणावर ते उभे राहत नाही. आणि ते लक्षण धातूसारखा चमकणारा रंग असेल, तर मुळीच नाही.

रंगावर एवढा अविश्वास का, ते सांगतो. या भुंगेऱ्यांचा हिरवा रंग हा रंगद्रव्याचा नाही. कवचाच्या अगदी बाहेरच्या थरात अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, काही रंग मारले जातात आणि एखादा रंग उजळून निघतो. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा तवंग रंगीत दिसतो तो याच कारणाने. पापुद्र्याची जाडी बदलली की रंग बदलतो. ढोबळ हिशेब करून पाहा. हिरव्या प्रकाशाची लहर सुमारे 530 नॅनोमीटर, आणि कवचाच्या द्रव्याचा अपवर्तनांक 1.6च्या आसपास धरला, तर हिरवा उजळण्यासाठी पापुद्रा सुमारे 83 नॅनोमीटरचा लागेल. तांबड्यासाठी, म्हणजे 640 नॅनोमीटरसाठी, तो 100 नॅनोमीटरचा. हिरवा भुंगेरा आणि तांबडा भुंगेरा यांच्यातला फरक इतका : प्रत्येक पापुद्र्यात सतरा-अठरा नॅनोमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा काही हजारावा भाग. आणि पापुद्र्यांची ही रचना नीट बसलीच नाही, तर खालचे काळे मेलॅनिन उघडे पडते आणि भुंगेरा काळा दिसतो. इतक्या किरकोळ बदलासाठी वंशावळीत मोठी फाटाफूट व्हावी लागत नाही. डोळ्याला जो फरक आकाशपाताळाचा वाटतो, तो कवचाच्या बांधकामात नखभरही नसतो.

याला पुरावा ऑरोनिटेन्सच्याच दुसऱ्या रूपाचा आहे. दक्षिण फ्रान्समध्ये, मध्यवर्ती पठाराच्या दक्षिण टोकाला माँताञ नुआर नावाचा डोंगर आहे. तिथला फेस्तिव्हस हा समुदाय संग्राहकांत प्रसिद्ध आहे तो रंगांच्या उधळणीसाठी. एकाच जंगलात हिरवे, तांबडे, जांभळट, निळसर आणि जवळजवळ काळे भुंगेरे मिळतात, आणि ते सगळे आपसांत जुगतात. तिथे रंग हा समुदायाच्या आतला फरक आहे, दोन समुदायांमधला नव्हे. काळपट रूप नॉर्मंडीच्या एका जंगलात मिळते आणि शेकडो किलोमीटर दक्षिणेला डोंगरातही मिळते, तेव्हा त्या रूपाला एका जागेची निशाणी कसे मानायचे? हाच विल्सन-ब्राउन यांचा तिसरा आक्षेप. याच्या जोडीला क्लोद प्युईसेग्युर यांनी केलेले संकराचे प्रयोग आहेत. काराबसांच्या आनुवंशिकतेवरचा त्यांचा प्रबंध 1964 साली प्रसिद्ध झाला. या गटातली रूपेच काय, काही वेळा प्रजातीसुद्धा एकमेकींशी संकर करू शकतात हे त्यातून पुढे आले. मग चमकीच्या छटेवर भिंत बांधण्यात काय हशील?

पण मी नावे सरसकट पुसायला निघालेलो नाही, आणि त्यासाठी दोन उलट उदाहरणे सांगायला हवीत. पहिले काराबस सोलिएरीचे. हा आग्नेय फ्रान्सच्या आल्प्सपासून इटलीच्या लिगुरियापर्यंत राहतो, आणि हाही सोनेरी-हिरवा, निळसर अशा छटांत येतो. त्याच्या उपप्रजातींवर संग्राहकांनी पिढ्यानपिढ्या वाद घातले. 2004 साली एका फ्रेंच गटाने त्याचा केंद्रकीय डीएनए ठिकठिकाणचे नमुने घेऊन तपासला. निष्कर्ष दुहेरी निघाला. एकीकडे अंतर वाढेल तसा फरक सावकाश वाढत जातो, आणि दुसरीकडे काही ठिकाणी जनुकांची प्रमाणे एकदम, धारदारपणे तुटतात. सावकाश उतार हा फक्त अंतराचा परिणाम, तुटलेल्या कडा मात्र हिमयुगात वेगवेगळ्या आसऱ्यांत राहून पुन्हा भेटलेल्या समुदायांच्या. पुढच्याच वर्षी त्या गटाने छातीचा आकार आणि नराच्या जननेंद्रियाचा आकार गणिताने मोजून जनुकांशी ताडून पाहिला. अभ्यास असा व्हायला हवा : डीएनए एकीकडे, आकार दुसरीकडे, आणि दोघांची सीमा एक येते का ते पाहायचे. रंग तिथे साक्षीदार असू शकतो, एकमेव साक्षीदार असू शकत नाही.

दुसरे उदाहरण जपानचे, आणि ते मला सर्वांत पटणारे वाटते. होक्काइदोपासून क्यूशूपर्यंत राहणारा काराबस ब्लाप्टॉइडिस हा भुंगेरा गोगलगायींवर जगतो. बहुतेक ठिकाणी त्याचे डोके आणि छाती लांबट, चिंचोळी असते. ते तो गोगलगायीच्या शिंपल्याच्या तोंडातून आत घालतो आणि आतल्या आत तिला खातो. सादो बेटावरच्या कॅपिटो या उपप्रजातीचे डोके मात्र रुंद आणि आखूड, जबडा भक्कम. तो शिंपला फोडून खातो. कोनुमा आणि चिबा या संशोधकांनी 2007 साली दाखवले की दोन्ही गोष्टी एकाच डोक्याला साधत नाहीत. चिंचोळे डोके आत शिरते पण त्यात फोडण्याचे बळ नसते, रुंद डोके फोडते पण शिरत नाही. इथे वेगळेपण आहे ते शरीराच्या बांध्यात, अन्न मिळवण्याच्या रीतीत आणि समुद्राने वेढलेल्या एका बेटात, आणि तिन्ही एकाच जागी जुळतात. ओसावा यांच्या गटाने मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून काढलेली या भुंगेऱ्याची वंशावळही जपानच्या भूभागांनुसारच फाटलेली निघाली. उत्तर जपानात याच भुंगेऱ्याच्या काही समुदायांवर हिरवी-तांबूस चमक आहे, पण ती चमक नसती तरी सादोच्या भुंगेऱ्याचे तिसरे पद अबाधित राहिले असते. याला मी उपप्रजाती म्हणेन. जाता जाता सांगायला हरकत नाही, जपानचे प्रख्यात चित्रकथाकार तेझुका ओसामु यांनी आपल्या टोपणनावात 'कीटक' हे अक्षर घातले ते या भुंगेऱ्यांच्या जपानी नावावरूनच. जमिनीवरच्या भुंगेऱ्यांना एवढी प्रतिष्ठा दुसऱ्या कुठल्या देशात मिळाली असेल असे वाटत नाही.

या मोजपट्टीवर सेरिसीचा भुंगेरा कुठे बसतो? वेगळेपण प्रामुख्याने रंगात. रंगाचा हा प्रकार इतर समुदायांतही उद्भवणारा. जागा जवळपासच्या जंगलांपासून तुटलेली खरी, पण ती तूट अलीकडची. माझ्या मते हे एक स्थानिक रूप आहे, ज्याचे प्रमाण सेरिसीत असाधारण वाढले आहे. 'सेरिसीचा समुदाय' हे नाव त्याला पुरेसे आहे. यावर पहिला आक्षेप येतो तो अभ्यासकांचा : उद्या डीएनएच्या बारकाईने केलेल्या तपासणीत तो वेगळा निघाला तर? तर मी आनंदाने माझे मत बदलेन. पण तेव्हा त्याला उपप्रजाती ठरवणारी गोष्ट तो डीएनए असेल, शेव्रोलाला दिसलेली तांबूस झळाळी नव्हे. निर्णय बरोबर येणे आणि तो बरोबर कारणाने येणे, यांत फरक करायला हवा.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो जास्त जड आहे. नाव गेले की संरक्षण जाते, असे कार्यकर्ते म्हणतात. ही भीती पोकळ नाही. अमेरिकेचा 1973चा संकटग्रस्त प्रजाती कायदा घ्या. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या बाबतीत तो एखाद्या वेगळ्या समुदायालाही संरक्षण देऊ शकतो, मग त्याला स्वतंत्र नाव असो वा नसो. कीटकांच्या बाबतीत मात्र ती सोय नाही. कीटकाला कायद्याच्या दारातून आत यायचे तर किमान उपप्रजातीचे नाव लागते. असा कायदा असला की काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. जंगल वाचवायचे आहे, मग एक उपप्रजाती शोधून काढा. हेतू उत्तम, पण त्यापायी वर्गीकरणाला वकिली करावी लागते. आणि वकिली करणाऱ्या वर्गीकरणावर पुढच्या खटल्यात कुणीही विश्वास ठेवणार नाही. विरुद्ध बाजूच्या विकासकाने एक डीएनए-अहवाल आणला, दोन समुदायांत फरक नाही असे दाखवले, की नावाबरोबर जंगलही हातचे जाते. संरक्षण नावाला टांगून ठेवणारेच त्याला सर्वांत मोठा धोका निर्माण करतात. दुरुस्ती करायची तर कायद्यात करा. समुदाय हे एकक कीटकांनाही लागू करा.

आता सेरिसीचे राखीव का योग्य, ते. मघाशी म्हटले तो हिवाळा आठवा. धातूसारख्या चमकणाऱ्या काराबसांची शिकार संग्राहक मुख्यतः थंडीत करतात. हातात एक छोटी कुदळ घ्यायची, जंगलात पडलेला कुजका ओंडका किंवा बुंधा फोडायचा, साल सोलायची, शेवाळाचे गठ्ठे उपटायचे. आत गारठून निपचित पडलेले भुंगेरे आयते हाती लागतात. एक ओंडका कुजून या अवस्थेला यायला वर्षानुवर्षे लागतात, आणि तो दहा मिनिटांत भुगा होतो. दुर्मीळ रूपाला भाव असतो, म्हणून सेरिसीसारख्या ठिकाणी कुदळी जास्त चालतात. भुंगेरा नेला त्यापेक्षा त्याचे हिवाळी घर मोडले हे नुकसान मोठे. आणि त्या घरात एकटा भुंगेरा राहत नसतो : गोमी, गोगलगायी, बुरशा, सॅलमँडर, लाकूड पोखरणाऱ्या अळ्या, त्यांवर जगणारे पक्षी. राखीव क्षेत्रात हा उद्योग बंद झाला आणि मेलेल्या लाकडाकडे पाहण्याची नजर बदलण्याला एक अधिकृत कारण मिळाले. उपप्रजातीचे नाव खोटे ठरले तरी यातले एक अक्षरही खोटे ठरत नाही.

हा प्रश्न आपल्या घराजवळही आहे. भीमाशंकरचे अभयारण्य 1985 साली झाले ते मुख्यतः शेकरूसाठी. आपला हा राज्यप्राणी कर्नल साइक्स यांनी 1831 साली एल्फिन्स्टनी या नावाने वर्णिला, आणि पुढे ते रटुफा इंडिका या मोठ्या खारीच्या एका उपप्रजातीचे नाव झाले. या खारीच्या उपप्रजाती ठरल्या त्या मुख्यतः अंगाच्या आणि शेपटीच्या रंगावर. 1952 साली हुमायुन अब्दुलअली आणि जे. सी. डॅनियल यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या वाणांचा आढावा घेतला. पुढे त्यांची संख्या कमी करत नेली गेली, आणि जगातल्या सस्तन प्राण्यांच्या एका प्रमाण यादीत एल्फिन्स्टनी हे नाव इंडिकात विलीन केलेले आहे. म्हणून भीमाशंकरची एक फांदी तरी कमी मोलाची झाली का? शेकरू झाडावरून झाडावर जातो, त्याला सलग पर्णछत लागते, ते देवरायांनी आणि अभयारण्याने राखले. छत तुटले तर शेकरूचे तिसरे पद त्याला वाचवणार नाही. उलट डांगच्या जंगलातली फिकट डेअल्बाटा ही उपप्रजाती बहुधा नामशेष झाली. तिला नाव होते, जंगल उरले नव्हते.

शेवटचा आक्षेप असा की नाव नाही, उपप्रजाती नाही, तर प्रत्येक समुदाय वाचवायचा का? पैसा आणि माणसे तर मोजकीच आहेत. याचे उत्तर नावांच्या यादीतून मिळणार नाही. कोणता समुदाय वाचवायचा हे ठरवताना विचारायचे ते असे : त्याची जागा परत निर्माण होऊ शकते का? तो चालत, उडत, पोहत शेजारच्या जागेत जाऊ शकतो का? तो गेला तर त्याच्याबरोबर आणखी कोण जाईल? सेरिसीचा भुंगेरा या तिन्ही प्रश्नांत वरच्या गुणांनी उत्तीर्ण होतो. जुने बीचवन परत उगवायला शतके लागतात, याला पंख नाहीत, आणि त्याच्या ओंडक्यात अर्धे जंगल राहते. एक गोष्ट मात्र मी प्रांजळपणे मान्य करतो. 2,100 हेक्टरांचे राखीव व्हायला 'मेलेले लाकूड' हे घोषवाक्य पुरले नसते. लोकांच्या आणि मंत्र्यांच्या डोळ्यांसमोर चमकणारे काहीतरी लागते, आणि ते काम या भुंगेऱ्याने केले. चिन्ह म्हणून तो उत्तम आहे. वर्गीकरणाचा पुरावा म्हणून त्याला उभे करू नये, इतकेच.

आपल्याकडे काराबस हा जीनस काश्मीर-हिमालयातच भेटतो, सह्याद्रीत नाही. पण सह्याद्रीत जमिनीवरच्या भुंगेऱ्यांची वाण नाही, आणि त्यांच्यावरचा पायाभूत ग्रंथ अजूनही एच. ई. अँड्र्यूज यांचाच आहे, 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतला, 1929 आणि 1935 साली दोन खंडांत निघालेला. म्हणजे जवळजवळ शतकभराची नवी नोंद आपणच करायची आहे. आज इथे निसर्गनोंदी करणारी तरुण मंडळी बसली आहेत, त्यांना एक विनंती. दगडाखाली दहा भुंगेरे सापडले आणि त्यांतला एकच निळा निघाला, तर फोटो निळ्याचा काढा, पण नोंदीत उरलेल्या नऊ काळ्यांचीही संख्या लिहा, गाव लिहा, उंची लिहा, तारीख लिहा. त्या नऊ जणांशिवाय दहाव्याचे नाव कुणालाच ठरवता येणार नाही.